अ‍ॅनालॉग हीट या आवाज मुद्दाम विकृत करणाऱ्या मशीनवर ड्राइव्ह, म्हणजे विकृतीचा जोर, वाढवला की ढोलकीचा लूप आणि सिंथचे कॉर्ड, दोन्हींचा चिखल होतो. या मशीनवर वेगळं काय करून बघू?

कॉर्डचा चिखल का होतो ते आधी सांगतो. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाज विकृत करणाऱ्या सर्किटमध्ये, दोन सूर एकत्र शिरले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे सूरही बाहेर पडतात. २०० आणि ३०० हर्ट्झ, म्हणजे सा आणि प, यांची वजाबाकी १००. तो खालच्या सप्तकातला सा, म्हणून भारदस्त वाटतो. पण कीबोर्डवरचा शुद्ध ग साधारण २५२ ला असतो. त्यातून २०० गेले की उरतात ५२, आणि त्या जागचा खरा सा ५० ला. तुम्हाला टोचतंय ते हेच. सिंथवरचा ग सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरवून तो २५० वर आणा, म्हणजे गवयाच्या गळ्यातला गंधार होईल, आणि मग तोच कॉर्ड, तोच ड्राइव्ह देऊन ऐका. फरक लगेच कळतो. एवढं करायचं नसेल तर एकेक सूर वेगळा पाठवून रेकॉर्ड करा आणि नंतर जुळवा.

आता ढोलकी. एलेक्ट्रॉनच्या या मशीनमध्ये आठ डिस्टॉर्शन सर्किटं आहेत आणि फिल्टर त्यांच्या नंतर लागतो. म्हणजे सर्किट नवे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, तयार करतं आणि त्यातले कोणते ऐकू येणार ते फिल्टर ठरवतो. दोन्ही बाजूंनी सारखं क्लिपिंग झालं, म्हणजे लहरीचे वरचे-खालचे शेंडे सारखेच कापले गेले, तर १०० हर्ट्झच्या सुरातून ३००, ५००, ७०० निघतात. ड्राइव्ह चढवून फिल्टर सताड उघडा ठेवला तर हे सगळंच अंगावर येतं. म्हणून मी उलट्या बाजूने सुरू करतो: लो-पास (खालचेच सूर जाऊ देणारा फिल्टर) बराच खाली, थोडा रेझोनन्स (फिल्टरच्या सीमेवरचे सूर उठवणं), आणि मग ड्राइव्ह.

खरी गंमत एन्व्हलप फॉलोअरमध्ये आहे, आणि बहुतेक लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. आत येणाऱ्या आवाजाच्या जोरावर तो फिल्टर हलवतो. फिल्टर फ्रिक्वेन्सीला जोडा, अटॅक (प्रतिसाद चढायला लागणारा वेळ) अगदी कमी, रिलीज (ओसरायला लागणारा वेळ) मध्यम. शाईवर कडक थाप पडली की फिल्टर उघडतो, हलक्या बोलांना अर्धाच. वादकाच्या हातातला लहानमोठेपणा असा स्वराच्या रंगात उतरतो. मग डेप्थ, म्हणजे फिल्टर किती आणि कुठल्या दिशेला हलेल ते माप, उणे करा. आता थापेला फिल्टर मिटतो आणि दोन बोलांच्या मधे उघडतो. खोलीचा गुंजारव आणि कडीचा किणकिणाट पुढे येतो, थाप मागे सरते. ओळखीचा लूप पार अनोळखी होतो. यासाठी मी आठांपैकी रफ क्रंच हे सर्किट वापरतो. हाय गेन या सर्किटमध्ये लहानमोठे सगळे बोल एकाच पातळीला येतात, मग फिल्टर हलला तरी तालाला धार राहत नाही.

धुमाचा, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूचा, घुमारा टिकवायचा असेल तर फिल्टर हाय-पासवर (वरचेच सूर जाऊ देणारा) ठेवा, दीडशे-दोनशे हर्ट्झच्या आसपास, आणि ड्राय-वेट (मूळ आणि मशीनमधून आलेल्या आवाजाचं मिश्रण) मधोमध. खालचा भाग मूळ स्वच्छ राहतो, वरचा तेवढा भाजून निघतो. मात्र कटऑफजवळ, म्हणजे फिल्टर कापायला लागतो त्या सीमेजवळ, फिल्टर फेज (लहरीची वेळ) फिरवतो, त्यामुळे मूळ आवाजात मिसळताना मधली पट्टी पोकळ वाटू शकते. तसं झालं तर कटऑफ थोडा वर-खाली सरकवा, पोकळी जिथे भरते तिथे थांबा.

प्रत्येक बदलानंतर वेट लेव्हल (मशीनमधून आलेल्या आवाजाची पातळी) उतरवून आवाज बायपासइतकाच, म्हणजे मशीन वगळून येतो तेवढाच, आणा. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, आणि त्या नादात आपण नको तेवढा ड्राइव्ह ठेवून बसतो.

आणि सेटिंग परिपूर्ण होण्याची वाट न बघता लूप चालू ठेवून हाताने नॉब फिरवत पाच-सहा मिनिटं सलग रेकॉर्ड करा, मग त्यातल्या दोन-चार मात्रा कापून घ्या. राउंड फझ या सर्किटवर रेझोनन्स चढवून कटऑफ हळू खाली आणताना मधेच जे निघतं ते पुन्हा हुकमी काढता येत नाही, म्हणून रेकॉर्डिंग आधीपासून चालूच असू द्या.