'विकत घ्या' की नुसतं 'घ्या'?

प्रश्न: ई-पुस्तकं, चित्रपट आणि गेम मिळणाऱ्या एका अ‍ॅपचं आम्ही काही जण मिळून मराठीकरण करतो आहोत. पैसे भरायच्या बटणावर 'विकत घ्या' असं लिहिलं होतं. गटातल्या एका मैत्रिणीचं म्हणणं असं, की इथे काहीच विकलं जात नाही, फक्त परवाना मिळतो. म्हणून 'परवाना विकत घ्या' असं हवं. दुसऱ्या एकाला 'खरेदी करा' जास्त तटस्थ वाटतं. यातलं बरोबर काय?

उत्तर: मैत्रिणीची शंका अगदी रास्त आहे. तिने सुचवलेला पर्याय मात्र मराठी कानाला खटकतो. 'खरेदी करा' हे तर मुळीच तटस्थ नाही, उलट सगळ्यांत जड आहे.

आधी 'विकत' हा शब्द पाहू. तो 'विकणे' याच धातूतला. संस्कृतात घेणं म्हणजे क्रय आणि देणं म्हणजे विक्रय, अशी जोडी आहे. बंगालीने त्यातल्या 'क्री' धातूपासून 'केना' हे क्रियापद जपलं, आणि ते तिथे आजही रोज वापरलं जातं. मराठीच्या रोजच्या बोलण्यात मात्र असं स्वतंत्र क्रियापद नाही. आपण विकणाऱ्याचा शब्द उचलतो आणि त्याला आपलं क्रियापद जोडतो: विकत घेणं, विकत आणणं, विकत मिळणं. गुजरातीतलं 'वेचातुं लेवुं' याच घडणीचं आहे. म्हणजे मराठीत या व्यवहाराचं वर्णन विकणाऱ्याच्या कृतीवरून होतं. समोरचा विकतो म्हणून मी विकत घेतो. तो विकतच नसेल, तर माझ्या वाक्यातला निम्मा भाग खोटा पडतो.

शिवाय 'विकत' कोणत्या शब्दांसमोर उभा राहतो, तेही पाहा. उसनं, भाड्याने, मागून, फुकट. "विकत आणलंस का मागून?" या प्रश्नात किमतीची चौकशी थोडीच असते, खरी चौकशी असते ती वस्तू परत द्यायची आहे का, याची. विकत आणलेलं परत द्यायचं नसतं. 'विकतचं दुखणं' या वाक्प्रचाराचा जोरही तिथेच आहे: पैसे मोजून घेतलं, आता ते तुझंच, दुसऱ्याच्या गळ्यात घालता येणार नाही. त्यामुळे माझी कसोटी सरळ आहे. जे विकत घेतलं ते पुढे विकता आलं पाहिजे, कुणाला वाचायला देता आलं पाहिजे, देऊन टाकता आलं पाहिजे, आणि मूळ विक्रेता उद्या दुकान बंद करून गेला तरी आपल्याकडे राहिलं पाहिजे.

या कसोटीवर डिजिटल दुकानांतला बहुतेक माल टिकत नाही, आणि ही गोष्ट कंपन्या स्वतःच लिहून देतात. विंडोज असो वा मॅकओएस, दोन्हींच्या अटींमध्ये स्पष्ट म्हटलेलं आहे की हे सॉफ्टवेअर विकलेलं नाही, त्याचा परवाना दिलेला आहे. संगणकासोबत आधीच बसवून येणाऱ्या विंडोजचा परवाना तर साधारणपणे त्या एकाच यंत्रापुरता असतो, नव्या यंत्रावर तो नेता येत नाही. व्यवहार एकच, पण बटणाची भाषा वेगळी आणि अटींची वेगळी. बटण सगळे वाचतात, अटी फार थोडे. म्हणूनच बटणावरचा शब्द मला इतका महत्त्वाचा वाटतो.

हा वाद संगणकाच्या किती तरी आधीचा आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने पुस्तकाच्या आतच सूचना छापली होती: या पुस्तकाची किंमत एक डॉलर, त्याहून कमी किमतीला विकण्याचा परवाना कुणालाही नाही, आणि तसं केल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग मानला जाईल. एका मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाचं म्हणणं फेटाळलं. एकदा प्रत विकली की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर स्वामित्वहक्काच्या जोरावर ताबा ठेवता येत नाही, असा त्याचा अर्थ. त्या सूचनेतही 'परवाना' हाच शब्द होता, हे ध्यानात घ्या. वस्तू द्यायची आणि दोरी हातात ठेवायची, ही इच्छा जुनीच आहे. छापील प्रतीपुढे ती चालली नाही, डिजिटल फाइलपुढे चालली.

इथे 'प्रत' हा शब्द फार उपयोगी पडतो. पुस्तक विकत घेतलं म्हणजे लेखकाची कृती आपली झाली, असं कुणीच समजत नाही. आपली होते ती प्रत. आणि डिजिटल दुकानात नेमकी तीच हाती येत नाही. २००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या काही आवृत्त्या वाचकांच्या किंडलवरून, म्हणजे त्यांच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून, दूरस्थपणे पुसून टाकल्या. ज्याने त्या दुकानात टाकल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरं होतं. पैसे परत केले गेले, जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पण छापील पुस्तकाच्या बाबतीत असं घडूच शकलं नसतं. चोरून छापलेली प्रत विकली गेली तर प्रकाशकाशी भांडण होतं, वाचकाच्या कपाटात रात्रीतून कुणी हात घालत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे तिथेही परत मिळाले. पैसे परत मिळाले म्हणून तक्रार संपते, असं मला वाटत नाही. विकलेली वस्तू विक्रेता एकतर्फी परत घेऊ शकत असेल, तर ती विकलेलीच नव्हती.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशनवर पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम ग्राहकांच्या संग्रहातून जाणार असं जाहीर केलं. ओरड झाली, नवा करार झाला आणि निर्णय मागे घेतला गेला. पण हे कार्यक्रम राहिले ते दोन कंपन्यांचं जमलं म्हणून. ग्राहकाच्या हक्काचा त्यात प्रश्नच आला नाही.

गेमच्या बाबतीत तर कसोटीचाच कस लागतो. युबीसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ सालचा गेम चकतीवरही मिळत होता. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि सतत इंटरनेटची जोडणी लागणारा तो गेम एकट्याने खेळणंही अशक्य झालं. चकती आजही मालकाच्या हातात आहे, ती विकता येईल, देता येईल, पण चालणार नाही. मग तो गेम विकत घेतला होता का? माझं उत्तर असं: चकती विकत घेतली होती, गेम नाही. अशा ठिकाणी वाक्यातलं कर्मच बदलावं लागतं, आणि मराठीत ते सहज जमतं.

कायद्याचंही एकमत नाही, त्यामुळे 'कायद्याने हे परवानाच आहे, वाद संपला' असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात म्हटलं की बेमुदत वापरासाठी एकरकमी पैसे घेऊन उतरवू (डाउनलोड करू) दिलेलं सॉफ्टवेअर ही विक्रीच आहे, करारात 'परवाना' लिहिलं म्हणून ती विक्री नाहीशी होत नाही, आणि घेणारा ते पुढे विकू शकतो. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये ई-पुस्तकांना मात्र ही मुभा नाकारली. म्हणजे एकाच न्यायालयाच्या लेखी सॉफ्टवेअर विकत घेता येतं, ई-पुस्तक तसं घेता येत नाही. कॅलिफोर्नियाने थेट शब्दालाच हात घातला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूसाठी 'विकत घ्या' अशा अर्थाचे शब्द वापरायचे, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. जे एकदा उतरवून घेतलं की जोडणीशिवाय कायम वापरता येतं आणि विक्रेता परत घेऊ शकत नाही, त्याला या अटीतून सूट आहे. हा फरक मला फार नेमका वाटतो. त्याच सुमारास, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने पैसे भरायच्या पानावर परवान्याची ओळ घातली. बटण मात्र तसंच राहिलं.

आता 'परवाना विकत घ्या'. मराठीत परवाना काढतात, परवाना मिळतो, दिला जातो, त्याचं नूतनीकरण होतं आणि तो रद्द होतो. "त्याने परवाना विकत घेतला" हे वाक्य ऐकलं की मराठी माणसाला लाचेचा वास येतो. म्हणून ही जोडणी नको. 'परवाना' हा शब्द मात्र मला इथे अतिशय प्रामाणिक वाटतो. फारसीतून आलेला हा शब्द, मूळचा राजाज्ञेचा, लेखी हुकुमाचा. देणारा वरचा आणि घेणारा खालचा हे नातं त्यात अजून जिवंत आहे, आणि दिलेला परवाना रद्द होऊ शकतो हेही ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. 'अनुज्ञप्ती' या सरकारी शब्दाने यातलं काहीच मनात उभं राहत नाही. तो टाळा.

'खरेदी'चं म्हणाल तर हा शब्द कार्यालयीन आहे म्हणून निर्विकार वाटतो, एवढंच. ज्या दस्ताने जमिनीची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे जाते त्याला आपण खरेदीखत म्हणतो. मालकीचा भार 'विकत'पेक्षा 'खरेदी'तच जास्त आहे.

खरं तर मालक न होता वस्तू वापरण्याच्या तऱ्हांसाठी मराठीत शब्दांची मोठी श्रीमंती आहे, आणि ती जमिनीच्या व्यवहारांतून आलेली आहे. भोगवटा, वहिवाट, खंडाने घेणं, मक्त्याने घेणं, कूळ म्हणून कसणं. जमीन माझी नाही पण पीक मी काढतो, यातली प्रत्येक छटा या भाषेने वेगळी नोंदवली. म्हणून 'मराठीत यासाठी शब्दच नाही' ही सबब मला पटत नाही. बटणावर 'भोगवटा घ्या' लिहा असं मी म्हणणार नाही, ते वाचकाला परकं वाटेल. पण लेखात, चर्चेत हा शब्द जरूर वापरून पाहावा. ई-पुस्तकांवर आपला भोगवटा असतो, मालकी नसते, हे वाक्य एका दमात कळतं.

दरमहा पैसे भरण्याच्या सेवांसाठी 'वर्गणी' चालेल. एक फरक तेवढा मनात असू द्या. मासिकाची वर्गणी बंद केली तरी आलेले अंक वर्गणीदाराकडेच राहतात. इथे वर्गणी थांबली की सगळंच थांबतं. २०१३ नंतर अ‍ॅडोबीने आपल्या मुख्य सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच द्यायला सुरुवात केली, तेव्हा बऱ्याच कलाकारांचा राग दरमहाच्या रकमेवर होताच, पण त्याहून जास्त या थांबण्यावर होता, कारण आपल्याच जुन्या फाइली उघडायलाही वर्गणी चालू लागणार होती. 'सदस्यत्व' मला इथे पटत नाही. सदस्याला सभेत मत असतं.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका: परवाना म्हणजे नेहमी कमीच, असं नाही. लिनक्स या संगणक प्रणालीचं केर्नल, म्हणजे तिचा गाभा, जीपीएल नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या ज्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतं, तो १९९१ सालचा परवानाच आहे. पण त्याने वापरायचा, बदलायचा, वाटायचा आणि पैसे घेऊन विकायचासुद्धा हक्क मिळतो. आणि अटी पाळणाऱ्याकडून तो लहरीने काढून घेता येत नाही. तेव्हा वाचकाने खरं विचारायला हवं ते हे, की परवान्यात दिलं काय आणि राखून ठेवलं काय. जीओजीसारखं गेमचं दुकान कुलूप नसलेली इन्स्टॉलर फाइल उतरवून घेऊ देतं. कागदोपत्री तोही परवानाच. पण फाइल माझ्याकडे राहते, दुकान गेलं तरी चालते. तिथे कुणी 'विकत घेतलं' म्हटलं तर मी हरकत घेणार नाही, जरी ती पुढे विकता येत नसली तरी. कसोटीतला शेवटचा भाग मला सगळ्यांत वजनदार वाटतो.

आता तुमच्या बटणांकडे. फाइल उतरवून कायम ठेवता येत असेल, तर 'विकत घ्या' बिनधास्त राहू द्या. मुदतीचं असेल तर 'भाड्याने घ्या' आणि शेजारी मुदत. वर्गणीसाठी 'वर्गणी भरा'. उरलेल्या सगळ्यांसाठी, म्हणजे जे खात्याला बांधलेलं आहे त्यासाठी, नुसतं 'घ्या' आणि पुढे किंमत. लोक बोलतातही तसंच: "गेम घेतला", "ते अ‍ॅप घेतलं". 'घेणे' कोणत्या अटीवर हे सांगत नाही, त्यामुळे खोटंही बोलत नाही. ती अट बटणाखाली एका ओळीत, बटणाइतक्याच ठळक अक्षरात लिहा: "या रकमेत वापराचा परवाना मिळतो, मालकी नाही. हक्कधारकाशी असलेला करार संपल्यास हे पुस्तक काढून घेतलं जाऊ शकतं."

आणि तसं खरंच घडलं, तर जो संदेश दिसेल तोही आत्ताच लिहून ठेवा. 'हे पुस्तक आता उपलब्ध नाही' असं लिहू नका. पुस्तक आपणहून अनुपलब्ध होत नाही. मराठीत कर्ता लिहायची सोय आहे, ती वापरा: "प्रकाशकाशी असलेला आमचा करार संपल्यामुळे आम्ही हे पुस्तक तुमच्या खात्यातून काढून घेतलं आहे."