मिरचीचे पान कोणत्या बाजूला वळले आहे?

प्रश्न : परसबागेतील मिरचीच्या सहा रोपांपैकी चार रोपांची शेंड्याकडील पाने आकसली असून त्यांची वाढ थांबली आहे. बोकड्या रोग समजून मी दोनदा कीटकनाशक फवारले, पण गुण आला नाही. रोपे उपटून टाकावीत का?

उत्तर : उपटण्याची घाई करू नये. पाने आकसली की सरसकट बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु या नावाखाली निदान तीन वेगळी दुखणी मोडतात आणि त्यांचा इलाज एक नाही. पानाच्या कडा वर वळून त्याला होडीचा आकार आला असेल, तर ते बहुधा फुलकिड्यांचे काम असते. पांढऱ्या कागदावर फूल किंवा शेंडा हलकेच झटकला, तर सुमारे १ मिलिमीटर लांबीचे, पिवळसर, सरपटणारे किडे दिसतात. याउलट कडा खाली वळून पान पालथ्या होडीसारखे झाले असेल आणि देठ लांबलेला असेल, तर कोळी (जाळे विणणारा नव्हे, तर ‘माइट’ म्हणतात ती) या किडीचा संशय घ्यावा. ती जेमतेम ०.२ मिलिमीटरची असल्याने भिंगाशिवाय दिसत नाही. कोळी हा आठ पायांचा जीव, कीटक नव्हेच. त्यामुळे अनेक कीटकनाशके त्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. तुमच्या फवारण्या वाया गेल्या, त्यामागे हेच असण्याची शक्यता मला अधिक वाटते. कोळी आढळल्यास पाण्यात मिसळणारे गंधक डब्यावरील प्रमाणात, उन्हाची वेळ टाळून फवारावे. एकदा आकसलेले पान पुन्हा सरळ होत नाही, म्हणून गुण आला की नाही हे नव्या पालवीवरूनच ठरवावे.

उपटण्याची वेळ येते ती तिसऱ्या दुखण्यात. पाने बारीक व पिवळट, पेरी आखूड, शेंडा झुपकेदार आणि पानांखाली पांढरी माशी, अशी लक्षणे एकत्र दिसली तर तो विषाणूजन्य पर्णगुच्छ समजावा. त्यावर औषध नाही. निरोगी रोपे वाचवण्यासाठी रोगट रोप काढणेच बरे.

प्रश्न : ढोबळी मिरचीच्या फळांना खालच्या टोकाशी काळा डाग पडतो. ही फळकुज आहे का?

उत्तर : डाग नेमका टोकाशी, खोलगट आणि चामड्यासारखा असेल, तर तो सहसा रोग नसतो. फळाला कॅल्शियम कमी पडल्याची ती खूण असते, आणि ते बहुतेक वेळा मातीत नसते म्हणून नव्हे, तर पाणी कधी भरपूर व कधी अजिबात नाही, अशा देण्यामुळे फळापर्यंत पोहोचत नाही. बुरशीनाशक फवारून येथे काहीच साधत नाही. पाण्याच्या पाळ्या नियमित कराव्यात व बुडाशी पाचोळ्याचे आच्छादन घालावे. फळकुजीचा डाग फळावर कोठेही पडतो, त्यात एकात एक वर्तुळे दिसतात आणि दमट हवेत त्यांवर गुलाबीसर बुरशी धरते. तशी फळे तोडून बागेबाहेर टाकावीत व त्यांचे बी पुढच्या पेरणीसाठी ठेवू नये.