वाचकांचे प्रश्न : स्वस्त इंडेम्निटी घेऊ का?

प्रश्न : मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बेळगावातली नोकरी सोडून खानापुरात दहा खाटांचं प्रसूतिगृह सुरू करते आहे. सोबत एक बीएएमएस डॉक्टर आणि चार सिस्टर असतील. चंदगडकडचेही पेशंट येतील. एका एजंटने एक कोटीची इंडेम्निटी पॉलिसी (उपचारात चूक झाल्याचा दावा आला तर भरपाई देणारा डॉक्टरांचा विमा) सगळ्यांत स्वस्त म्हणून दाखवली आहे. नोकरीत हॉस्पिटलची पॉलिसी होती, त्यामुळे स्वतःची कधी काढली नाही. ही घ्यावी का?
– एक डॉक्टर, खानापूर

उत्तर : डॉक्टर, पॉलिसी घ्याच, आणि पहिला पेशंट तपासायच्या आधी घ्या. पण एजंटने दाखवलेला प्रीमियम जरा बाजूला ठेवा. निवृत्त होईपर्यंत विमा कंपनीत मी डॉक्टरांच्याच पॉलिसी हाताळल्या. क्लेम नाकारला गेला की डॉक्टरांचा चेहरा कसा उतरतो ते पाहिलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी तारीख बघा. उपचार झाला त्या दिवशी पॉलिसी होती, एवढ्याने इथे भागत नाही. पॉलिसीवर रेट्रोॲक्टिव्ह डेट छापलेली असते. उपचार त्या तारखेनंतरचा हवा आणि दावाही पॉलिसी चालू असतानाच आलेला हवा. ग्राहक आयोगात तक्रार करायला कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे, सबळ कारण दिलं तर उशीरही माफ होतो. म्हणजे आज केलेल्या सिझेरियनची नोटीस दीड वर्षाने येऊ शकते. मधल्या काळात चार पैसे वाचतात म्हणून तुम्ही कंपनी बदललीत आणि नव्या कंपनीने नवी तारीख टाकली, तर ते सिझेरियन उघड्यावर पडलं. रिन्यूअलला खंड पडला तरी हाच धोका. कंपनी बदलायला हरकत नाही, जुनी तारीख नव्या पॉलिसीवर लिहून घ्या म्हणजे झालं.

दुसरं, ‘एक कोटी’ कशाचे? एका दाव्याची मर्यादा वेगळी, वर्षभराची वेगळी. या दोन मर्यादांचं प्रमाण एकास एक असेल तर त्या वर्षी कितीही दावे आले तरी सगळे मिळून एक कोटीच. वकिलाचा खर्चही बहुतेक पॉलिसींत त्याच रकमेतून जातो. प्रत्येक दाव्यात सुरुवातीचे किती पैसे तुमच्या खिशातून जाणार, तेही वाचा. स्वस्त पॉलिसीतली बरीचशी बचत या जागांतून येते.

रक्कम किती घ्यावी? कोलकात्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जवळजवळ सहा कोटींची भरपाई दिली होती. म्हणून घाबरून सहा कोटींची घ्या असं मी म्हणणार नाही. पण भरपाई तुमच्या बिलावर ठरत नाही. पेशंटचं वय, कमाई, पुढच्या आयुष्याचं नुकसान यांवर ठरते. प्रसूतीत बाळाच्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न येतो. तुमच्या जागी मी एक कोटीच्या खाली गेलो नसतो आणि वर्षाची मर्यादा त्याहून मोठी मागितली असती.

तक्रार कुठे होईल हेही सीमाभागात समजून घ्यायला हवं. पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवलं. २०१९ चा कायदा २०२० पासून लागू झाला आणि तक्रारदाराला आपण राहतो तिथे तक्रार करायची मुभा मिळाली. चंदगडचा पेशंट कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात जाईल, तुम्हाला तिकडे हजर राहावं लागेल. शिवाय कोणत्या आयोगात जायचं ते आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, दिलेल्या पैशांवर ठरतं. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग. आणि पाच लाखांपर्यंतच्या बिलाला तक्रारीची फीसुद्धा नाही. प्रसूतीचं बिल त्याच्या किती खाली असतं ते तुम्हीच जाणता. पॉलिसी भारतभर लागू आहे ना आणि कोल्हापुरात वकील कोण देणार, हे एजंटला आत्ताच विचारा.

तुमच्या नावाची पॉलिसी तुमच्या कामापुरती. सिस्टरकडून इंजेक्शन चुकलं तर प्रसूतिगृहावरही दावा येतो, त्यासाठी हॉस्पिटलची पॉलिसी वेगळी असते. बीएएमएस डॉक्टर रात्री एकटे ड्यूटीवर राहणार असतील तर प्रपोजल फॉर्ममध्ये तसं स्पष्ट लिहा आणि त्यांना संरक्षण आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. फॉर्ममध्ये लपवलेली गोष्ट पुढे क्लेम बुडवते. जुन्या हॉस्पिटलकडूनही पत्र घ्या की तिथे केलेल्या कामासाठी तुमचं नाव त्यांच्या पॉलिसीत होतं.

फौजदारी शिक्षा किंवा दंड कुठलीच पॉलिसी भरत नाही. काही पॉलिसी बचावाचा खर्च देतात, ते कलम शोधा.

आता विम्याबाहेरचं, पण मला सर्वांत कळकळीचं वाटणारं. आपल्याकडे इंग्रजी छापील फॉर्मवर अंगठा घेतात आणि त्यालाच संमती म्हणतात. तुमच्याकडे मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणाऱ्या बायका येणार. फॉर्म निदान मराठी आणि कन्नड तरी करा. कुठल्या भाषेत समजावलं ते केसपेपरवर लिहा आणि साक्षीदाराची सही घ्या. तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही, आईने दिलेली संमतीही सज्ञान मुलीसाठी चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्त्रीरोगाच्याच प्रकरणात सांगितलं आहे. आंतररुग्णांचे कागद तीन वर्षं ठेवायचा नियम आहे, प्रसूतीचे त्याहून कितीतरी जास्त ठेवा.

आणि काही विपरीत झालंच, तर नातेवाइकांसमोरून निघून जाऊ नका. बसा, काय झालं ते खरं सांगा. पैशांचा शब्द मात्र कंपनीला विचारल्याशिवाय देऊ नका. नोटीस आली की त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा.

प्रश्न : या महिन्यात प्रॅक्टिस बंद करतो आहे. पॉलिसीही बंद करू ना?
– एक ज्येष्ठ डॉक्टर, निपाणी

उत्तर : लगेच नको, सर. शेवटच्या महिन्यात तपासलेल्या पेशंटची तक्रार दोन वर्षांत कधीही येऊ शकते आणि तेव्हा पॉलिसी चालू नसेल तर सगळा भार तुमच्या पेन्शनवर येईल. प्रॅक्टिस बंद केल्याचं कंपनीला पत्राने कळवा आणि जुन्या उपचारांच्या दाव्यांसाठी वाढीव मुदत मागा. ती मिळत नसेल तर जुनीच तारीख ठेवून निदान दोन-तीन वर्षं रिन्यूअल करत राहा. प्रॅक्टिस बंद असल्यामुळे प्रीमियम कमी होतो का, हेही त्याच पत्रात विचारा.