चौथीपर्यंत ‘अ’ श्रेणी, पाचवीत नापास

प्रश्न: माझा मुलगा दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतो. चौथीपर्यंत प्रगतिपुस्तकात ‘अ’ श्रेणी होती. यंदा पाचवीच्या वार्षिक परीक्षेत नापास झाला, जूनमधल्या फेरपरीक्षेतही तेच. धडा अजून सलग वाचता येत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, पाचवीतच बसवा, नाहीतर दाखला काढून न्या. शाळेवर केस करता येईल का?

ताई, आधी दाखल्याचं बोलूया. तो काढू नका. आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं शिक्षणहक्क कायद्याचं कलम १६ स्पष्ट सांगतं. ‘काढून न्या’ म्हणणं म्हणजे तेच काम तुमच्या सहीने करून घेणं.

पाचवीत पुन्हा बसवणं मात्र बेकायदा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्याला तशी मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून ती वापरली. पण त्याच कलमात एक अट आहे, जिच्याकडे कुणी बघत नाही. नापास मुलाला आधी जादा अध्यापन द्यायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची. आता तुम्हीच आठवा. निकाल लागला, सुट्टी लागली, गुरुजी घाटावर आपल्या गावी गेले, तुम्ही सगळे आंब्याच्या पेट्या भरण्यात. शाळा उघडली आणि पेपर हातात. मधे त्याला कुणी, किती दिवस शिकवलं? तुमची खरी केस इथे आहे.

नुकसानभरपाईच्या मागे लागू नका. मोफत सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, आणि वाचता आलं नाही म्हणून पैसे मिळवणं दिवाणी न्यायालयातही फार अवघड. वर्षं जातील, पोरगा दहावीला पोचेल.

त्यापेक्षा एक साधा अर्ज करा. कलम २४ प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत तपासून लागेल ते जादा शिकवणं, पालकांना प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. ‘अ’ श्रेणी कशावर दिली आणि जादा अध्यापनाची नोंद कुठे आहे, एवढंच विचारा. मुख्याध्यापकांकडे द्या, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज आहेच. तक्रार कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे जाते. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिलीत तरी चालेल, पण पोचेवर तारीख हवी. निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. वकील लागत नाही, हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगते.

गुरुजींवर सगळा राग काढू नका. दोन शिक्षकांत पाच वर्ग आणि वर ऑनलाइन माहिती भरणं, हे मी आमच्याकडेही बघते. म्हणून विषय शाळा व्यवस्थापन समितीत न्या. तिथे तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

आणखी एक. पाच वर्षं शाळेत जाऊन अक्षरं जुळत नसतील, तर अध्ययन अक्षमताही असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती येते. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांच्याकडून मुलाची तपासणी करून घ्या. अर्जाच्या आधी हे केलंत तरी हरकत नाही.