हवासूला पहिल्यांदाच आरव्ही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन जाताय?

अ‍ॅरिझोनातल्या लेक हवासू सिटीला फेब्रुवारीत विंटर ब्लास्ट या फटाक्यांच्या मेळाव्यातली आतषबाजी बघायला मित्रांसोबत निघालाय ना, मग आधी पाण्याचा हिशोब करा. नळजोडणी मिळणार नाही असंच धरून चला. पिण्यासाठी माणशी रोज 4 लिटर वेगळं ठेवा. खरी गोची होते ती सांडपाण्याच्या टाकीची. आम्ही सहाजणांनी मनसोक्त अंघोळी केल्या आणि दुसऱ्याच संध्याकाळी शॉवरच्या जाळीतून खरकटं पाणी वर आलं. तेव्हापासून आमच्यात भांडी आधी कागदाने पुसायची, मगच धुवायची.

आतषबाजीआधी बाहेरचं कापडी छप्पर गुंडाळा, टपावरची झाकणं लावून घ्या. वारा फिरला की जळके कागदाचे तुकडे थेट गाडीवर येतात, आणि कापडाला एक ठिणगी पुरते. जनरेटरचा धूर कुणाच्या खिडकीत जात नाही ना, तेही बघा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्मची बॅटरी घरीच तपासा.

दिवसा टी-शर्टवर फिराल, रात्री खुर्चीत कुडकुडाल. जाड जॅकेट घ्या, आणि फटाक्यांच्या आवाजासाठी कानात घालायला बोळेही. आणि हो, स्वतःचे फटाके अजिबात नेऊ नका. ते काम तिथल्या जाणकारांवर सोडा.