पुलाखालचे दिवे आणि रात्रीचे दहा

शिकागोच्या साऊथ लूपमधून एका आईचं चार पानी पत्र आलंय. त्यात प्रश्न पाच आहेत. त्यातल्या एकावरच मी आज सविस्तर बोलणार आहे आणि तिनं तो ज्या जागी लिहिलाय, त्यावरून थोडं रागावणारही आहे.

ती लिहिते, "मावशी, माझा लेक सोळा वर्षांचा आहे. अभ्यासात हुशार, वागायला सरळ. शनिवारी मित्राकडून चालत येताना रात्री दहा वीसला पोलिसांनी त्याला थांबवलं. नीट बोलले, दारापर्यंत आणून सोडलं. पण वॉचमनसमोर, शेजाऱ्यांसमोर! ह्यांनी महिनाभर बाहेर जाणं बंद केलंय. तो आमच्याशी बोलत नाही. आता सिटी कौन्सिलमध्ये पुन्हा कडक कर्फ्यूची चर्चा चालली आहे म्हणतात. मला वाटतं, होऊ दे. आपल्या मुलांना रात्री बाहेर काय काम? आणि आमचं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय."

सही झाल्यावर खाली बारीक अक्षरात: "ता. क. तो एरवी पुलाखालून दहा मिनिटांत येतो. तिथले दिवे गेलेत म्हणून मीच त्याला वळसा घालून यायला सांगितलं होतं. त्याच रस्त्यावर मामंजी उचकटलेल्या फरशीला अडखळून पडले."

अगं बाई, अख्खं पत्र या ता. क. मध्ये आहे! पोर दहाच्या आत घरी पोचलं असतं. तू सांगितलंस म्हणून ते लांबून आलं आणि त्याबद्दल महिनाभर कोंडून घातलंय कोणाला, तर त्यालाच. आधी ती शिक्षा उठवा. नवऱ्याला माझं नाव सांग.

आता नियम समजून घे, कारण पत्रावरून तुम्हा दोघांनाही तो धड माहीत नाही असं दिसतं. शिकागोत अठराच्या आतल्या मुलांना रात्री दहानंतर एकटं बाहेर फिरता येत नाही. पूर्वी शुक्रवारी-शनिवारी अकरापर्यंत मुभा होती आणि नियम सोळा वर्षांपर्यंतच्यांना होता. मे 2022 मध्ये मिलेनियम पार्कमध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाचा गोळीबारात जीव गेला आणि त्यानंतर कौन्सिलनं वेळ अलीकडे आणली, वय वाढवलं. आईबाप बरोबर असतील, मूल कामावरून येत असेल, शाळेच्या किंवा देवळाच्या कार्यक्रमातून येत असेल, तर सूट आहे. तुझ्या लेकाला थांबवणाऱ्यांनी त्यांचं काम केलं. त्यांच्यावर माझा राग नाही.

पण 2025 च्या जूनमध्ये कौन्सिलपुढे जे आलं ते वेगळं होतं. पोलीसप्रमुखांनी अर्ध्या तासाची सूचना द्यायची आणि शहरात कुठेही, कितीही वाजता मुलांना संचारबंदी लावायची. 27 विरुद्ध 22 मतांनी ते मंजूर झालं. महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरला. शिकागोत 2006 नंतर महापौरानं असं पहिल्यांदाच केलं. तो नकार उलटवायला 34 मतं लागत होती, ती जुळली नाहीत. म्हणजे तेव्हा विषय थोडक्या मतांवर अडला. अशा वेळी तू घरात बसून "होऊ दे" म्हणतेस, हे मला खटकलं.

संचारबंदी म्हटलं की आपल्याला दंगल आठवते, नाहीतर कोरोना. पण तेव्हा रस्ते सगळ्यांनाच बंद होते. इथे फक्त पोरांना बंद. आणि त्यानं गुन्हे कमी होतात का? 2016 मध्ये कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं यावरचे 12 अभ्यास एकत्र तपासले. कर्फ्यूमुळे मुलांचे गुन्हे कमी झाले किंवा मुलं जास्त सुरक्षित राहिली, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. शाळेच्या दिवशी मुलांच्या मारामाऱ्या सर्वांत जास्त होतात त्या दुपारी, शाळा सुटल्यावर, घरी कोणी नसतं तेव्हा. घराला वेळेची शिस्त हवी, याबद्दल माझं दुमत नाही. आमच्याकडे साडेनऊ म्हणजे साडेनऊ होते. पण ती शिस्त घरानं लावायची.

हे मी एवढ्या पोटतिडकीनं का सांगतेय, तर 1994 साली माझा लेक पंधरा वर्षांचा होता. तेव्हा शिकागोत एक वटहुकूम होता, 1992 चा. टोळीतला वाटणारा कोणी चारचौघांत रस्त्यावर रेंगाळताना दिसला, तर पोलिसांनी सगळ्यांना पांगायला सांगायचं. नाही पांगले तर अटक. माझा लेक बास्केटबॉल खेळून तीन मित्रांबरोबर कोपऱ्यावर उभा होता. गाडी थांबली, "निघा" म्हणाले, मुलं निघाली. बस, एवढंच. पण त्या रात्री तो जेवला नाही. चार दिवसांनी बोलला तेव्हा आमचे हे म्हणाले, "आपण इथे पाहुणे. मान खाली घालून राहायचं." मी भाजी परतत होते. वळलेसुद्धा नाही.

तीन वर्षांत त्या वटहुकुमाखाली 42,000 लोकांना अटक झाली. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. "रेंगाळणं" म्हणजे नेमकं काय, हे माणसाला कळेल असं त्यात लिहिलंच नव्हतं. ही बातमी लेकानंच मला वाचून दाखवली, तेव्हा तो कॉलेजात होता. पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, "आई, कोणीतरी जाऊन बोललं म्हणून हे झालं. तुम्ही दोघं नव्हता." आज तो चाळिशी ओलांडून गेलाय, त्याची मुलं मोठी झाली आहेत. ते वाक्य माझ्या अजून काळजात आहे.

म्हणून ज्याला त्याला मी हेच सांगत असते, मंडळात गणपतीच्या रांगेत उभी असले तरी सांगते: कौन्सिलच्या सभेला जा आणि मुलाला बरोबर घेऊन जा.

तू म्हणशील, आम्हाला मत नाही. इलिनॉय राज्याच्या खुल्या सभांच्या कायद्यात (ओपन मीटिंग्ज अ‍ॅक्ट) "कोणत्याही व्यक्तीला" बोलायची संधी द्यावी असं लिहिलंय. नागरिक असं नाही, व्यक्ती. सभेची विषयपत्रिका 48 तास आधी लावावी लागते. शिकागो कौन्सिलमध्ये माणशी तीन मिनिटं मिळतात. ग्रीन कार्डाची भीती असेल तर एकदा वकिलाशी बोलून घे, मन मोकळं होईल. पण दिवे लावा म्हणून मागणं हा काही गुन्हा नाही.

आणि दिव्यांचे पैसे आहेत गं! शिकागोत 50 वॉर्ड आहेत आणि प्रत्येक ऑल्डरमनला, म्हणजे इथल्या नगरसेवकाला, वर्षाला 15 लाख डॉलर वॉर्डातल्या कामांसाठी मिळतात. त्याला इथे "मेन्यू मनी" म्हणतात, कारण यादीतून निवडायचं असतं: रस्त्याचं डांबर, फुटपाथ, गतिरोधक, पुलाखालचे दिवे. यादीत कोणाचा कोपरा येतो? जो जाऊन सांगतो त्याचा.

रॉजर्स पार्कच्या 49 व्या वॉर्डात तर ऑल्डरमन जो मूर यांनी 2009 मध्ये हे पैसे कुठे घालायचे ते रहिवाशांनाच ठरवायला दिलं. अमेरिकेत असं पहिल्यांदाच झालं. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या कोणाही रहिवाशाला मत होतं, नागरिक असो वा नसो. माझा भाचा तेव्हा व्हिसावर होता, तिथेच राहायचा. 2010 मध्ये मतदानाला गेला तेव्हा सांगलीहून आलेली माझी बहीण बरोबर होती. हॉलमध्ये शेजाऱ्यांनी पुठ्ठ्यांवर तुटक्या फुटपाथांचे फोटो चिकटवले होते, खाली किंमत लिहिली होती. बहिणीनं चष्मा वर करून एकेक फोटो पाहिला आणि म्हणाली, "हा तर तुझ्या बसस्टॉपपाशीचा!" भाच्यानं त्यालाच मत दिलं. ती गावी जाऊन महिनाभर सगळ्यांना हेच सांगत होती.

तूच पत्रात लिहिलंयस की पुण्यात पाणी आलं नाही तर तुझे बाबा सकाळी सातला नगरसेवकाच्या दारात जाऊन बसायचे. मग त्यांची लेक इथे सातासमुद्रापार आल्यावर एवढी गप्प का झाली?

बाकीचं थोडक्यात. मामंजींचा गुडघा डॉक्टरांना दाखव, "चालतंय" म्हणाले तरी. मराठी शाळा आणि पोहणं एकाच वेळी येत असेल तर यंदा पोहू दे. घरात मराठी बोला, शाळा पुढच्या वर्षीही आहे. सासूबाईंच्या मुक्कामाचं आणि जावेच्या फोनचं पुढच्या पत्राला उत्तर देईन. ते वाट पाहील.

लेकाचं मात्र वाट पाहणार नाही. आज त्याच्या खोलीत जा. "तू उशीर केला नव्हतास, मी रस्ता बदलायला सांगितला होता" एवढं सांग. माफी हा शब्द वापरायला संकोचू नकोस. मग शनिवारी अंधार पडल्यावर दोघं मिळून पुलाखाली जा. एकूण दिवे किती, बंद किती, ते त्याला मोजू दे, फोटो काढू दे. मामंजी पडले ती फरशीही दाखव. 311 वर, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरवर, तक्रार त्यालाच करू दे, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. तोच क्रमांक घेऊन ऑल्डरमनच्या ऑफिसात जा, आणि सभा लागली की तीन मिनिटांत काय बोलायचं ते त्यानं लिहावं, तू फक्त शेजारी उभी राहा. दिवे किती बंद होते ते मला कळव.