दारामागची पिशवी

"आईच्या छातीत धडधडायला लागले की रात्री-अपरात्री रुग्णालय गाठतो आणि दर वेळी सगळे अहवाल नॉर्मल येतात, पण नाही नेले आणि काही झाले तर?" नाशिकच्या एका गृहस्थांनी हा नेहमीचाच प्रश्न समुपदेशक म्हणून मला विचारला, तेव्हा त्यांच्या सत्तरीच्या आईंना 8 महिन्यांत 4 वेळा भरती करून झाले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

चारही डिस्चार्ज कार्डे टेबलावर मांडली. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी), टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), कशातच दोष नव्हता. आई म्हणाल्या, "पंधरा-वीस मिनिटांत मला बरं वाटतं हो, पण तोवर हा गाडी काढून उभा असतो." टॉवेल, जुन्या फायली आणि मेडिक्लेमचे कार्ड भरलेली पिशवी त्यांच्या दारामागे कायम टांगलेली असे. मग मी मुलाशी बोलू लागले. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या छातीत दुखले, तेव्हा ॲसिडिटी समजून त्यांनी उजाडायची वाट पाहिली होती आणि वडील त्या रात्रीच गेले.

त्या अपराधी भावनेला बाकीचे खतपाणी मिळतच होते. अमेरिकेतला भाऊ फोनवर "ॲडमिट करून टाक, पैशांचं मी बघतो" म्हणे. बहुतेक विमा पॉलिसींत 24 तासांच्या भरतीशिवाय अशा तपासण्यांचे पैसे मिळत नाहीत. आणि रात्रपाळीचा तरुण डॉक्टर "आजचा दिवस देखरेखीखाली ठेवू" म्हणाला, तर त्याला तरी दोष कसा द्यावा?

"नेऊ नका" असे मी सांगितले नाही, कोणत्याही समुपदेशकाने सांगू नये, कारण मधुमेहींमध्ये आणि वयस्क स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका कधी कधी नुसता दम किंवा थकवा एवढ्याच रूपात येतो. मात्र तपासायला नेणे निराळे आणि भरती करणे निराळे, हे त्यांना पटायला तीन बैठका लागल्या. पुढे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच एका कागदावर लिहून दिले: कोणत्या लक्षणांना लगेच 108 ला फोन करायचा, ईसीजीनंतर काही तासांनी ट्रोपोनिन पुन्हा कधी पाहायचे आणि सगळे ठीक असल्यास डॉक्टरांना घरी सोडण्याविषयी काय विचारायचे. आईंच्या घबराटीवर मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत.

गेल्या महिन्यात ते पुन्हा रुग्णालयात गेले आणि पहाटे साडेपाचला आईंना घेऊन परतले. भावाला फोन सकाळच्या चहानंतर केला. पिशवी न्यायची राहूनच गेली, असे ते मला जरा ओशाळून सांगत होते.